म्युनिक ते म्युनिक: पूर्व आल्प्समधून गाडीने दहा दिवस

म्युनिकहून साल्झबुर्ग, मग ग्रॉसग्लॉकनरचा घाट, स्लोव्हेनियातलं ब्लेड आणि सोचा नदीचं खोरं, इटलीतले डोलोमाइट्स आणि ब्रेनर खिंडीतून परत म्युनिक. हे वर्तुळ अकराशे-बाराशे किलोमीटरचं आहे. आकडा बघून पाच दिवसांत उरकेल असं वाटतं. पण घाटात ताशी चाळीसचीही सरासरी पडत नाही आणि थांबावंसं वाटणारी ठिकाणं नेमकी घाटातच आहेत. म्हणून आमची मुक्कामाची विभागणी अशी: साल्झबुर्ग एक रात्र, झेल आम झे एक, हायलिगेनब्लुट एक, ब्लेड दोन, बोवेत्स दोन, मिझुरिना किंवा कोर्तिना दोन. भाड्याची गाडी घेतली तिथेच परत द्यायची, कारण दुसऱ्या देशात सोडली तर त्याचे वेगळे पैसे पडतात आणि ते कधीकधी भाड्याइतके होतात.

व्हिसा कोणत्या देशाचा, हे याच हिशोबावर ठरतं. विमान म्युनिकला उतरतं म्हणून जर्मनीकडे अर्ज करणं ही नेहमीची चूक. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सर्वांत जास्त दिवस जिथे राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. वरच्या आखणीत ऑस्ट्रियात तीन रात्री, इटलीत दोन, स्लोव्हेनियात चार. म्हणजे अर्ज स्लोव्हेनियाकडे. जर्मनीचाच व्हिसा हवा असेल तर मुक्काम तसे बदला, नुसतं फॉर्मवर लिहून भागत नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. सोबत मूळ परवानाही लागतोच. क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं हवं. गाडी बुक करतानाच ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि इटली ही तिन्ही नावं सांगा आणि ती करारावर लेखी आहेत ना, ते काउंटरवर बघा. परवानगी नसलेल्या देशात अपघात झाला तर विमा हात वर करतो. सीमेवर फाटक नसलं तरी तपासणी होऊ शकते, त्यामुळे पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी ठेवा.

आता टोल. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियात महामार्गासाठी व्हिन्येट लागतं, म्हणजे ठरावीक दिवसांचा पास. डिजिटल व्हिन्येट गाडीच्या नंबरवर निघतं, त्यामुळे गाडी ताब्यात आल्याशिवाय ते घेता येत नाही. नंबर भरताना नोंदणीचा देश जर्मनी निवडा. इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत करू नका, आणि जर्मन पाट्यांवर काही अक्षरांच्या डोक्यावर दोन टिंबं असतात तीही तशीच भरा. एक अक्षर चुकलं तर कॅमेऱ्याच्या लेखी तुमच्याकडे व्हिन्येटच नाही. दहा दिवसांचं घ्या, पण सुरुवात दुसऱ्या दिवसापासून करा. सीमेवरच्या वाल्सरबेर्गपासून साल्झबुर्ग नॉर्डपर्यंतचा महामार्ग व्हिन्येटमुक्त आहे. पहिल्या दिवशी शहरात उतरायचं तेवढंच असेल, तर शेवटी एक जादा दिवस हाती राहतो.

साल्झबुर्गहून बिशोफ्सहोफेनमार्गे झेल आम झे. दुसऱ्या सकाळी लवकर निघून फेरलाइटेनच्या टोलनाक्यावर पोहोचा. दहानंतर बसेस आणि मोटरसायकली एकदम वाढतात. ग्रॉसग्लॉकनरचा हा रस्ता १९३५ साली खुला झाला. लांबी ४८ किलोमीटर, हेअरपिन वळणं ३६, सर्वांत उंच फाटा एडेलवाइसश्पिट्झं २५७१ मीटरवर. टोल कारला चाळीस युरोंच्या वर आहे, पण तो दिवसभर चालतो. त्यामुळे फ्रान्त्स योसेफ्स ह्योहेचा फाटा चुकवू नका. तिथून खाली पास्तर्झं हिमनदी दिसते, आणि ती किती मागे हटली आहे हे उघड्या खडकावरून कळतं. बघून मन हलतं. कठड्याजवळ मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले मोठे प्राणी, हमखास दिसतात, त्यांना खायला घालू नका. हिवाळ्यात हा रस्ता बंद, रात्रीही बंद. जूनमध्येसुद्धा बर्फ पडू शकतं, म्हणून निघण्याआधी त्या दिवशीची स्थिती बघा.

उतरताना नियम आपल्या घाटातलाच: ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसरा गिअर धरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की पॅड तापतात, करपट वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. वास आलाच तर पुढच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून वीस-पंचवीस मिनिटं थांबा. गरम चाकावर पाणी ओतू नका.

हायलिगेनब्लुटनंतर फिल्लाख या ऑस्ट्रियन शहराहून स्लोव्हेनियात जाताना नकाशा काराव्हान्के बोगद्याकडे नेतो. त्याचा टोल वेगळा. आम्ही वुर्त्सन खिंड सुचवू. चढ तीव्र आहे, पण तिथून क्रान्स्का गोरा आणि साध्या रस्त्याने ब्लेड गाठता येतं. स्लोव्हेनियाचंही व्हिन्येट आहे, कमीत कमी आठवड्याचं, आणि नसेल तर दंड तीनशे युरोंपासून सुरू होतो. ल्युब्लियाना किंवा पोस्तोय्नाच्या गुहा करणार असाल तर ते घ्याच. नाहीतर नकाशात टोल टाळण्याचा पर्याय सुरू ठेवा, कारण एका एक्झिटपुरतं महामार्गावर गेलात तरी दंड तोच.

या वाटेवरचा आमचा सर्वांत लाडका घाट म्हणजे व्हर्शिच, माथा १६११ मीटर. पन्नास वळणांना क्रमांक आहेत आणि प्रत्येक पाटीवर उंची लिहिलेली आहे. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता बांधून घेतला. मार्च १९१६ च्या हिमस्खलनात त्यांतले अनेक गाडले गेले. आठव्या वळणावर त्यांच्या आठवणीत बांधलेलं लाकडी चॅपल आहे. तिथे थांबाच. क्रान्स्का गोराच्या बाजूला वळणांवर दगडी फरसबंदी आहे, पावसात ती निसरडी होते. रस्ता अरुंद, म्हणून सात सीटची मोठी गाडी घेणं टाळा. एकोणपन्नासाव्या वळणाजवळून सोचाच्या उगमाकडे फाटा जातो. बोवेत्सहून पुढे कोबारीद, जिथे ऑक्टोबर १९१७ मध्ये इटलीची फळी कोसळली. तिथलं युद्धसंग्रहालय आणि कोझ्याक धबधबा मिळून अर्धा दिवस ठेवा.

प्रेडेल खिंडीतून इटलीत शिरलात की पहिला सापळा पेट्रोल पंपावर असतो. 'गासोलिओ' म्हणजे डिझेल, पेट्रोल म्हणजे 'बेन्झिना'. 'सेर्वितो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि लिटरला भाव जास्त लागतो, 'फाय दा ते' म्हणजे स्वतः भरा. महामार्गावर चढताना तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे भरायचे. पिवळी 'टेलिपास'ची रांग आपली नाही, ती गाडीत टोलचं यंत्र बसवलेल्यांची. जुन्या गावांच्या तोंडाशी पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि 'झेडटीएल' (परवानगी असलेल्या गाड्यांपुरता भाग) ही अक्षरं दिसली तर आत जाऊ नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी येतो, वर भाडेकंपनीचं शुल्क वेगळं. मिझुरिनाहून त्रे चिमे या तीन सुळक्यांखालच्या आउरोन्झो निवाऱ्यापर्यंतच्या टोलरस्त्यासाठी २०२५ पासून गाडीच्या नंबरसह ऑनलाइन आरक्षण लागतं, तेव्हा गाडी मिळाल्याबरोबर ते करून टाका.

परतीचा दिवस शनिवार नको. ब्रेनरवर उन्हाळ्यात शनिवारी तासन्‌तास खोळंबा होतो, आणि टिरोल या ऑस्ट्रियन प्रांतात सुट्टीच्या काळात शनिवार-रविवारी आतल्या गावांतून पळवाट काढणाऱ्या गाड्यांना बंदी असते. ब्रेनरच्या महामार्गाचा टोलही व्हिन्येटमध्ये येत नाही, तो वेगळा भरावा लागतो. वाहतूक तुंबली की डावीकडच्या लेनने पार डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवायची. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत हा कायदा आहे. टाकी म्युनिकजवळ महामार्गाबाहेरच्या पंपावर भरा आणि पावती गाडी परत देईपर्यंत जपून ठेवा.