धडगावचा ढोल आणि फोनची मतं

टीव्हीवर थेट चालणाऱ्या गाण्यांच्या स्पर्धेत प्रेक्षकांना गाणी दिसतात. आमचं काम असतं दोन गाण्यांच्या मधलं. पडद्यावर पुढच्या टीमच्या गावाची चाळीसएक सेकंदांची फिल्म लागते. तेवढ्या वेळात अंधारात आधीच्यांचा पसारा उतरवायचा, पुढच्यांचा चाकांच्या फळ्यांवरून ढकलत आणायचा, खाली चिकटवलेल्या रंगीत टेपच्या खुणांवर बसवायचा आणि गाणाऱ्याला कानात आवाज येतोय ना, हे विचारून बाजूला व्हायचं. माझा जळगावात साऊंड-लाईटचा धंदा आहे. लग्नं, कीर्तनं, प्रचारसभा सगळं केलंय, पण या चाळीस सेकंदांइतकं नेटकं काम दुसरीकडे कुठे करायला मिळत नाही.

स्पर्धा खानदेशी गाण्यांची होती. वाहिनीचं नाव लिहीत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, बागलाण, बुऱ्हाणपूर आणि सुरत असे सहा विभाग आणि प्रत्येकाच्या दोन टीम. सुरत कशाला, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. ज्याचं कोणी सुरतेत उधना-लिंबायतला राहत नाही असं घर शोधावं लागेल.

साचा युरोव्हिजनचा, म्हणजे युरोपातल्या देशांमधल्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेचा होता. निर्मात्यांनी पहिल्याच बैठकीत लॅपटॉपवर 2025 ची स्वित्झर्लंडमधल्या बाझलची अंतिम फेरी दाखवली आणि म्हणाले, मला हे जळगावात पाहिजे. ती स्पर्धा 1956 साली स्वित्झर्लंडमध्येच लुगानोला सुरू झाली, सात देश आणि प्रत्येकाची दोन गाणी. तिचे नियम आम्ही तसेच उचलले: गाणं तीन मिनिटांच्या आत, रंगमंचावर जास्तीत जास्त सहा माणसं, वाद्यं ट्रॅकवर म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली, मुख्य गळा मात्र थेट. तिकडे 1998 पर्यंत समोर वाद्यवृंद बसायचा, पुढच्या वर्षापासून तो गेला. हे नियम मला मनापासून पटतात. वाद्यांचे माईक लावत बसलो तर एका गाण्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला दहा मिनिटं लागतील आणि तेवढ्यात लोक बातम्या लावतील.

नंदुरबारच्या दोन टीमपैकी एक धडगावकडची, सातपुड्यातल्या पावरा आदिवासी मंडळींची होती. तालमीला पंधरा-सोळा जण आले. मोठा ढोल, पावा, कमरेला घुंगरं आणि सुके भोपळे. होळीला त्यांचं गाणं रात्रभर चालतं, ढोल आणि पाय एकमेकांना ओढत नेतात. त्यातून तीन मिनिटं कुठली कापायची? त्यांचे म्होरके वयाने साठीच्या पुढचे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत होतो. ते म्हणाले, कापू, तुम्ही फक्त थांबायचं कधी ते हाताने दाखवा. वाहिनीच्या वेशभूषेच्या बाईंना अंगावर राखेची नक्षी हवी होती, होळीच्या फोटोत असते तशी. दादांनी सरळ नाही म्हटलं. ती नवसाची असते, होळीशिवाय लावत नाहीत. बाई हिरमुसल्या, पण मला दादांचं बोलणं फार आवडलं.

खरी अडचण ट्रॅकची होती. स्टुडिओत ढोलवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे एकसारख्या लयीची टिकटिक दिली. त्याचा हात दहा सेकंद क्लिकबरोबर राहायचा आणि मग पुढे निघायचा. यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. त्यांची लयच चढत जाणारी आहे, नाचणाऱ्यांचे पाय तिला वर नेतात आणि स्टुडिओत पाय नव्हते. आमचा रेकॉर्डिस्ट हुशार पोरगा, पण तो प्रत्येक ठोका संगणकावर सरळ रेषेत बसवत गेला आणि शेवटी जे वाजलं ते लग्नाच्या डीजेसारखं. मी निर्मात्यांना म्हटलं, ढोल गळ्यात असतो, त्याला मांडणी लागत नाही. दोन क्लिपचे माईक आधीच लावून ठेवतो, चाळीस सेकंदांतले पंधरासुद्धा लागणार नाहीत. दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी ज्या टीमला थेट तालवाद्य हवं तिला एक घेता येईल, असा नियम सगळ्यांसाठी झाला.

अंतिम फेरी जानेवारीत, उघड्या मैदानावर. जळगावचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, थंडी कोणी धरत नाही. संध्याकाळी वारा सुटला आणि ढोलाचं कातडं उतरलं. थाप मारली की भद्द. गावाकडे शेकोटीवर धरतात, पण सेटच्या मागे जाळ करायला अग्निशमनवाल्यांची सक्त मनाई. तेव्हा मला गोदामातले जुने हजार वॅटचे हॅलोजन पार, म्हणजे रंगमंचाचे डब्यासारखे दिवे, आठवले. हल्ली सगळीकडे एलईडी, तिला ऊब नसते, म्हणून हे जुने दिवे भंगारात द्यायचे ठरलं होतं. पोराला छोटा हत्ती घेऊन पिटाळलं. चार पार उलटे टेकवून, जाळ्या लावून, हातभर अंतरावर ढोल ठेवला. ढोलवाला मध्येमध्ये बोटांनी टकटक करून बघायचा, मान हलवायचा, ढोल फिरवायचा. एका बाजूचा सूर चढला, मग दुसऱ्या बाजूचा. शेवटी त्याने एक थाप मारली आणि जनरेटरजवळचा माझा माणूस धावत आला, काय व्हयनं भाऊ? इतका आवाज होता. त्या दिवसातलं माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं मी मानतो.

त्यांचं गाणं नववं होतं. सहा जण वर आले, बाकीचे प्रेक्षकांत पुढच्या रांगांत बसले होते. मिनिटभर सगळं ठरल्याप्रमाणे. मग लय चढली आणि खाली बसलेले आठ-दहा जण उठले. रंगमंचासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी हात धरून अर्धं कडं केलं आणि पाय सुरू झाले. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. वर ढोल असा वाजत असताना त्यांना बसवेना, एवढंच. मी प्रेक्षकांचे माईक उघडले, कारण प्रेक्षकांचा आवाज घेण्यासाठीच ते टांगलेले असतात. घुंगरं आत आली. दिग्दर्शकाने क्रेनचा कॅमेरा फिरवला. ढोलवाल्याने खाली पाहिलं आणि पाय मिळाल्यावर त्याचा हात कुठल्या कुठे गेला. मी हात वर केला, दादांनी पाहिला, आणि तीन मिनिटांच्या आत, एकाच थापेवर सगळं थांबलं.

एका टीमच्या व्यवस्थापकाने लगेच तक्रार केली की सहापेक्षा जास्त माणसं होती. परीक्षकांनी नियमाचा कागद मागवला. नियमात ‘रंगमंचावर’ असं लिहिलेलं, खाली कोणी नाचू नये असं कुठेही नाही. तक्रार फेटाळली गेली.

परीक्षकांच्या गुणांत ते पहिले आले. फोनच्या मतांत शेवटचे. दोन्ही निम्मे-निम्मे धरून पाचवे.

माझ्या डोक्यातून जात नाही ते हे. फोनवर सुरतेच्या टीम पहिल्या आल्या. त्या चांगल्या गायल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण वाहिनीने सहाही विभागांची मतं एकाच पोत्यात ओतली. जिथे माणसं जास्त आणि रेंज चांगली, त्यांचं गाणं वर. धडगावच्या वरच्या पाड्यांत फोन करायला टेकडी चढावी लागते. युरोव्हिजनमध्ये असं करत नाहीत. तिथे प्रत्येक देशाची मतं वेगळी मोजतात आणि त्यांचे गुण होतात: पहिल्याला 12, दुसऱ्याला 10, मग 8 पासून 1 पर्यंत. 1975 पासून हे असंच आहे. माल्टाचे 12 आणि जर्मनीचे 12 सारखेच. शिवाय स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. आमच्याकडे तर हे गणित बोटावर बसत होतं. बारा गाणी, त्यातली स्वतःच्या विभागाची दोन वजा, उरली दहा, आणि गुणांच्या पायऱ्याही दहाच. मी हे बैठकीत बोललो होतो. निर्माते म्हणाले, आपल्या गावाला मत देता येत नाही म्हटलं तर फोन कोण करणार? त्यांनी बाझलचे दिवे घेतले, क्रेन घेतली, तीन मिनिटं घेतली, फक्त मोजायची रीत तिथेच ठेवली. माझ्या मते त्या स्पर्धेत घेण्यासारखं सगळ्यात मोठं तेच होतं.

पण मग मलाच शंका येते. गणित बरोबर केलं असतं तर निकाल बदलला असता का? सुरतेच्या माणसाने सुरतेला नाही तर धुळ्याला मत दिलं असतं, कारण त्याचं मूळ गाव तिकडचं. युरोपातही परदेशी गेलेली माणसं मायदेशाला मत देतातच. आणि अहिराणी बोलणाऱ्या घरातून पावऱ्यांच्या गाण्याला मत गेलं असतं का? एक शब्द कळत नाही, आणि खरं सांगायचं तर डोंगरावरच्या माणसाला आपल्या सपाटीवर अजून पाहुण्यासारखं वागवतात, घरच्यासारखं नाही. पोर्तुगाल 1964 साली स्पर्धेत आला आणि 2017 साली पहिल्यांदा जिंकला, तोही पोर्तुगीजमधल्या गाण्यावर, परीक्षक आणि फोन दोन्हीकडे पहिला. ती भाषा न कळणाऱ्या लोकांनीच तेव्हा मतं दिली. म्हणजे होऊ शकतं. आमच्या प्रेक्षकांना तशी संधी मिळालीच नाही, म्हणून ते काय करतील हे मला आजही ठरवता येत नाही.

दादांना मी त्या रात्री हे सगळं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ते गरम दिवे विकायचे आहेत का. त्यांना शाळेच्या कार्यक्रमाला पाहिजे होते. दोन पार तसेच दिले.

पुढच्या वर्षाची बोलणी सुरू झाली आहेत. होकार देण्याआधी मी वाहिनीला लेखी कळवलंय की प्रत्येक विभागाची फोनमतं वेगळी मोजा, स्वतःच्या विभागाला मत बंद करा, आणि थेट तालवाद्याचा नियम कायम ठेवा. तिसरी गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली. पहिल्या दोन्हींवर निरोप आला की हा हिशोब लोकांना समजणार नाही. मी उलट कळवलंय की कापसाचा भाव, आर्द्रतेची कपात आणि भिशीचं व्याज तोंडी काढणाऱ्या माणसांना बारा आणि दहा समजतात, आणि समजावून सांगायची दोन मिनिटं हवी असतील तर ती माझ्या मांडणीच्या वेळातून घ्या.