तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं सोडून नुसती वाद्यंच का?

थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी नाशिकच्या ज्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला तिथे राहून, आई गाणारी असून, मी नुसती सतार-सरोदच का ऐकते? कालिदास नाट्यगृहात मैफलीच्या मध्यंतरात चहा हातात येण्याआधी हा प्रश्न येतो. त्यात वाद्य दुय्यम ही समजूत असतेच. सतार रंगली की ‘अगदी गळ्यासारखी’ म्हणायचं. गळा रंगला तर ‘अगदी सरोदसारखा’ असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. हे मला खुपतं.

पूर्वी मी सांगायचे की शब्द आडवे येतात. सूर ऐकावा की बंदिशीतल्या ननदियाचं, म्हणजे नणंदेचं, गाऱ्हाणं? आता ते मलाच पटत नाही. तराण्यात नुसते ‘तोम् तनन’सारखे बोल, तिथे कुठे अर्थाचे शब्द असतात? तरी मी तराण्यात रमत नाही. आणि विलायत खाँसाहेब सतार वाजवता वाजवता मध्येच बंदिश गाऊन दाखवत, ती रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा लावते. मग दोष शब्दांचा कसा?

खरं काय ते मिरजेला झालं. आईच्या तानपुऱ्याची जवारी काढायची होती, म्हणजे तारा घुमाव्यात म्हणून त्यांच्याखालची घोडी घासून घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघी तो घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. कारागीर घोडी कानशीनं हलकेच घासायचा, तार छेडायचा, तिच्याखाली दोरा सरकवून बघायचा, पुन्हा घासायचा. खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या ‘सा’ची तार, बराच वेळ बद्द वाजत होता. मग एकदम उघडला आणि त्यातून गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू आला. तानपुऱ्याला गंधाराची तार नसते. पंचम, जोडीच्या दोन आणि खर्ज, एवढंच. हा गंधार खर्जातून आपसूक निघतो. ‘स्वयंभू गंधार’ म्हणून परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. ऐकला तो त्या दिवशी.

आईनं सवयीनं त्याच गंधारावर ‘आ’ लावून सूर धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, “आई, थांब ना, ऐकू दे.”

कारागिरानं मान वर केली नाही. आई गप्प झाली. नाशिक येईपर्यंत ती पाण्याच्या बाटलीपलीकडे काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी गात होते ते तुला आडवंच येत होतं.” मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही, आणि मलाही ते ठामपणे म्हणता आलं नाही.

तिच्या गाण्यावर माझं प्रेम आहे. पण गळा सूर धरून ठेवतो. छेडलेली तार त्याच क्षणापासून विझायला लागते, आणि वादकाला जे काय सांगायचं ते तेवढ्यात सांगावं लागतं. झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा ऐका. एका आघातावर मींड, म्हणजे तार ओढून न तुटता सरकवलेला सूर, स्वरामागून स्वर गाठत जाते, शेवटचा तर जेमतेम कानाला लागतो, आणि आपण आपोआप पुढे झुकतो. गाणं ऐकताना मला असं झुकावं लागत नाही. निखिल बॅनर्जींच्या सतारीवरच्या संथ आलापातही मी हेच शोधते. शेवटचा जलद ‘झाला’ सुरू झाला की माझं लक्ष उडतं.

तुम्ही म्हणाल, बासरी कुठे विझते? पन्नालाल घोष तर ऐकताच की! ऐकते. तिथे माझं म्हणणं लंगडं पडतं, आणि त्यावर मला अजून काही सुचलेलं नाही. तरी यापुढे गायनाच्या मैफलीचं तिकीट माझ्या नावानं परस्पर काढू नका. आईला मात्र न्या. तिला सोबत लागते, आणि माझ्याबरोबर ती आताशा येत नाही.