दुसऱ्या नंबरच्या रकान्यात काय लिहू?

लेकीच्या शाळेचा फॉर्म भरताना दरवर्षी एका रकान्यापाशी माझा हात थांबतो. इमर्जन्सीत कुणाला फोन करायचा, नंबर एक, नंबर दोन. एकमध्ये मी. दोनमध्ये कोण? पहिल्या वर्षी मी माझाच ऑफिसचा नंबर टाकून दिला होता.

एकटीने मूल वाढवताना नोकरीत खरं अडतं ते इथेच. लोकांना वाटतं वेळ पुरत नसेल, तो पुरत नाहीच, पण रोजचं वेळापत्रक कसंबसं बसवता येतं हो, बसत नाही तो अचानक उगवलेला दिवस. पहाटे तिच्या कपाळाला हात लावावा तर चटका बसतो, नऊला क्लायंटची मीटिंग, आणि "आज तू थांब, उद्या मी थांबते" असं म्हणायला घरात दुसरं माणूसच नाही. माझ्या सगळ्या रजा अशाच जातात, मग मी आजारी पडले की बिनपगारी.

मागच्या वर्षी टीम लीडची जागा निघाली. पाच वर्षं मी त्याच टीममध्ये, तरी मला कुणी विचारलंच नाही. नंतर मॅनेजर म्हणाले, आणि अगदी मायेने म्हणाले, "तुझ्यावर आधीच एवढं आहे, त्यात टूर असतात, म्हटलं कशाला अजून ओझं." रात्री ती झोपल्यावर खूप रडले. अहो, टूरच्या तारखा आधी कळल्या असत्या तर मी बहिणीला बोलावलं असतं, आणि वाढलेल्या पगारात लेकीला सांभाळायला कुणीतरी ठेवता आलं असतं! ज्याने ओझं हलकं झालं असतं तेच ओझं म्हणून काढून घेतलं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1981 चा 156 नंबरचा करार आहे, त्यात लिहिलंय की घरची जबाबदारी हे कामावरून काढायचं कारण होऊ शकत नाही. वाचून बरं वाटलं. पण मला कुणी काढलं कुठे, फक्त विचारलं नाही, आणि न विचारल्याची तक्रार कुठल्या फॉर्मवर करायची?

फार काही नको असतं. शिफ्ट दोन आठवडे आधी कळावी. मूल आजारी असेल तर त्याची रजा वेगळी मिळावी, आणि दोन तासांच्या कामासाठी अख्खा दिवस घालवायला लागू नये. पाळणाघर आपल्या शिफ्टच्या आधी बंद होऊ नये, कारण मीटिंग लांबली की शेवटचा अर्धा तास माझं लक्ष फक्त घड्याळावर असतं. आणि एकटे बाबा असतील तर त्यांनाही हे सगळं मिळावं, त्यांना तर "आई कुठे आहे" हाच प्रश्न आधी येतो.

यंदा फॉर्म भरताना शेजारच्या टेबलवरची मैत्रीण म्हणाली, माझा नंबर टाक. टाकला. आणि काल मॅनेजरांना मेल केलाय की पुढची जागा निघेल तेव्हा मला विचारा, नाही म्हणायचं असेल तर ते मी म्हणेन.