आज सातवं घर

रविवार, रात्री साडेदहा

सकाळी पावसानं जरा उघडीप दिली तशी बाहेर पडले. आधी अनगोळ, मग भाग्यनगर, दुपारनंतर वडगाव. आईला खानापूरहून बेळगावात आणायचं ठरल्यापासून प्रत्येक सुट्टी भाड्याचं घर शोधण्यातच जाते. तिचे गुडघे आता एकटीला राहू देत नाहीत.

अनगोळचं घर हवेशीर होतं. पण पाणी किती दिवसांनी येतं हे मी विचारायच्या आत मालकांनी आडनाव विचारलं. मग गाव, मग 'तुमच्यात काय काय खातात?' शेवटी, 'घरात पुरुषमाणूस कोण नाही काय?' बाबा जाऊन चार वर्षं झाली, हे मी परक्याच्या जिन्यात उभी राहून का सांगायचं? तरी सांगितलं. त्याचं अजून वाईट वाटतंय. 'कळवतो की' म्हणाले, तेव्हाच उत्तर कळलं.

भाग्यनगरात सगळ्या घराला एकच मीटर, भाडेकरूला सब-मीटर. 2023 पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत वीज माफ आहे, भाडेकरूलासुद्धा. पण आपलं आधार जोडायला हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, स्वतंत्र मीटरचा आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) लागतो. तो नसेल तर दर महिन्याचा भुर्दंड. म्हणून हल्ली मी आधी मीटर बघते, मग पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावते. रंगाचा नवा हात दिलेला असला तरी श्रावणात ओल हाताला लागतेच. तिथं लागली.

वडगावात गल्लीच्या तोंडाला कन्नडमध्ये पाटी होती, 'मने बाडिगेगे इदे'. खाली खडूनं मराठीत 'घर भाड्यानं देणे आहे', पावसानं निम्मं धुतलेलं. आत पॉवरलूम चालू, माझी हाक कुणाला ऐकू जाईना. शेवटी एका बाईंनी बघितलं, माग थांबवला, बोटांना चिकटलेले लाल धाग्याचे तुकडे काढत बाहेर आल्या. आईसाठी घर बघतेय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, 'त्यांना खाली बसाय येतंय काय, अक्का? संडास इंडियन हाय.' येत नाही म्हटलं. 'मग कमोड बसवून देतो की. त्यात काय?'

मला तिथंच भरून आलं. घरी कन्नड बोलणारी बाई, आमची ओळख ना देख, आणि आईच्या गुडघ्यांचा विचार तिनं आधी केला.

दोन खोल्या, तळमजला, मीटर वेगळं. नळ चार दिवसांनी येतो, पण परड्यात विहीर आहे. भाडं 6,000, डिपॉझिट 30,000, करार अकरा महिन्यांचा. काळजी एकच, मागाच्या आवाजाची. रात्री आठला बंद करतात म्हणाल्या. पण आईला दुपारी डोळा लागेल काय?

तिला फोनवर सगळं सांगितलं. माग, कमोड, विहीर. ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'तुळस ठेवायला ऊन येतंय काय गे?'

ते मी बघितलंच नव्हतं. उद्या कामावर जाताना सकाळीच वडगावला जाऊन येते.