काचेवरचा पाऊस

परवा आर्वीहून तळेगावकडे येताना पाऊस असा आला की पुढची एसटी दिसेना. गाडी रस्त्याच्या पार कडेला घेतली, इंडिकेटर लावले अन् कॅमेरा काढला.

पहिले दहाएक फोटो वायाच गेले. ऑटोफोकस दरवेळी काचेवरच्या थेंबांवर अडकायचा. शेवटी फोकस हाताने लावला. भिंगाचं छिद्र मोठं ठेवून, म्हणजे एफ २.८ ला, दूरच्या बाभळीवर फोकस केला तर थेंबांचे नुसते मऊ गोल डाग. छिद्र लहान करून एफ ११ ला थेंबही अन् बाभळीही ओळखू येतात. मला डागच आवडले. मग उलटं करून थेंबावर फोकस केला. थेंब म्हणजे भिंगच की! एका थेंबात अख्खं पऱ्हाटीचं वावर उलटं लटकलेलं: आभाळ खाली, काळी माती वर.

प्रत्येक फोटोत डॅशबोर्डवरचा गणपती मात्र काचेत उमटायचा. बायकोची काळी ओढणी त्याच्यावर पसरली, तेव्हा तो गेला. (तिने ओढणी दिली, पण गणपतीला झाकल्याचं अजून ऐकवते.)

वायपर बंदच ठेवला होता. तेवढ्यात युरियाच्या पोत्याची खोळ पांघरलेले एक काका बैलजोडी घेऊन आले, काच ठोकली.

"गाडी बंद पडली काय जी?"

"नाही काका, पावसाचा फोटो काढतो."

"अंदर बसून?"

हसत पुढे गेले. मी कॅमेरा उचलेपर्यंत खोळ, बैल, सगळं पाण्यात विरलं होतं.