नोकरी सोडायची तारीख ठरवण्याआधी: क्वार्ट्झसाइट–युमा मोटरहोम फेरी

अमेरिकेतली पन्नाशी ओलांडलेली मराठी जोडपी मोटरहोमचा बेत करतात तेव्हा आधी गाडी बघतात, मग ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्याची शिल्लक, आणि आरोग्यविम्याचा विचार राजीनामा दिल्यावर. हा क्रम उलटा करा. आधी विम्याचं गणित, मग हिवाळ्यात एक भाड्याची फेरी, गाडी सगळ्यात शेवटी.

या फेरीसाठी ॲरिझोना उत्तम. फीनिक्सहून आय-१० ने पश्चिमेला साधारण १३० मैलांवर क्वार्ट्झसाइट. २४ फुटी क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराची मोटरहोम दोघांना पुरते. पेट्रोलचा हिशेब गॅलनला ८ ते १० मैल धरून करा. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का, हे सही करण्याआधी वाचा, कारण मुक्कामाची जागा वाळवंटातच आहे.

गावाच्या दक्षिणेला हायवे ९५ लगत ला पोसा हे बीएलएमचं, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचं दीर्घ मुक्कामाचं क्षेत्र आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामाचं परमिट १८० डॉलर, सलग १४ दिवसांचं ४० डॉलर. पाणी, कचरा आणि डंप स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) त्यात आलं, वीजजोडणी नाही. आसपास १४ दिवस फुकट राहायच्याही जागा आहेत, पण तिथे पाणी नाही आणि डंपही नाही. पहिल्या खेपेला हे ४० डॉलर वाचवू नका. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका, जागा कितीही सपाट दिसली तरी. लांबच्या डोंगरावर पडलेला पाऊस तिथूनच वाहून येतो. विंडशील्डचं तोंड दक्षिणेला ठेवलं की दिवसभर गाडी उबदार राहते.

खरी परीक्षा रात्रीच्या विजेची. जानेवारीत पारा ५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरतो. गाडी गरम ठेवणारी फर्नेस गॅसवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीतून ७-८ अँपिअर ओढतो. दहा तासांच्या रात्रीत ती निम्मा वेळ चालली तरी ४० अँपिअर-तास (बॅटरीतली वीज मोजायचं माप) गेले. भाड्याच्या गाडीत बहुधा लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात आणि त्यातली निम्मीच वीज वापरायची असते: १०० अँपिअर-तासांच्या दोन असतील तर हाती १००. त्यात झोपेत श्वासाला मदत करणारं सीपॅप मशीन असेल तर त्याचं ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, बंद ठेवा, नाहीतर पहाटे फर्नेस बंद पडते. सकाळी व्होल्टेज १२.१ च्या खाली दिसलं तर त्याच दिवशी चार्ज करा.

पाण्याची टाकी ४० गॅलनची असेल तर काटकसरीने दोघांना चार दिवस पुरते, पण त्याआधी सिंकच्या सांडपाण्याची टाकी भरते. आपल्या स्वयंपाकाचा त्रास इथेच होतो. डाळीचा साका, भाताची पेज आणि तेल त्या टाकीत गेलं की दुर्गंधी सुटते आणि टाकीचा सेन्सर भलतंच दाखवतो. ताटं-पातेली आधी कागदाने पुसा, मग धुवा. फोडणी बाहेर, वेगळ्या शेगडीवर करा. धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणं जिवावर बेतू शकतं. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह नेहमी बंद ठेवा. उघडा राहिला तर पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी साचतो. रिकामी करताना आधी ही टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो.

पुढे ९५ नेच दक्षिणेला ८० मैलांवर युमा. तिथून जवळ सीमेपलीकडे मेक्सिकोतलं लॉस अल्गोदोनेस हे दंतवैद्यांचं गाव. नोकरीचा दातांचा विमा संपलेल्यांची तिथे गर्दी असते. गाडी अमेरिकेच्या बाजूला लावून पायी जा. भारतीय पासपोर्टवाल्यांना वैध ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, मात्र पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवीत. परतीच्या रांगेमुळे सकाळची वेळ घ्या.

आता नोकरी सोडायची तारीख. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली, तर त्याच कंपनीच्या ४०१(के)तून दंडाशिवाय पैसे काढता येतात. ते आयआरएत, म्हणजे स्वतःच्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात, हलवलेत तर ही सवलत जाते आणि साडेएकोणसाठपर्यंत १० टक्के दंड लागतो. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा ६५ ला. कोब्रा, म्हणजे सोडलेल्या नोकरीचाच विमा पुढे चालू ठेवणं, १८ महिने चालतो, पूर्ण हप्ता अधिक २ टक्के भरून. म्हणून साडेत्रेसष्टला सोडणाऱ्याची साखळी तुटत नाही. त्याआधी सोडायचं तर मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमाबाजारातून स्वतः विकत घ्यायचा विमा घ्यावा लागतो, आणि तो पत्त्याच्या काउंटीला बांधलेला असतो. बऱ्याच योजना बाहेरच्या राज्यात फक्त आणीबाणीचा खर्च देतात. सतत फिरणाऱ्याला ही अडचण पैशांपेक्षा मोठी वाटते. उशिरा स्थलांतर केलेल्यांनी स्वतःचे किंवा जोडीदाराचे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम, भरलंय का तेही बघावं. तेवढे नसतील तर मेडिकेअरच्या भाग एलाही (रुग्णालयाच्या खर्चाचा भाग) हप्ता पडतो.

गणित जमलं तरच जुनी गाडी बघायला जा. गाडीच्या आत भिंतीलगतची जमीन पायाने दाबून बघा. मऊ लागली तर बहुधा कुठून तरी पाणी मुरतंय. टायरची नक्षी चांगली दिसली तरी टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे ४ आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांपलीकडचे टायर असतील तर नव्या टायरांचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.