सयाजीबागेतली साळुंकी ऑस्ट्रेलियात भेटते तेव्हा

बडोद्याहून मुलांकडे मेलबर्नला किंवा सिडनीला जाणाऱ्यांना अंगणात पहिल्याच सकाळी साळुंकी दिसते. ती खरोखर आपलीच: 1862 साली किडे खाण्यासाठी मेलबर्नमध्ये मुद्दाम सोडलेली. झाडांच्या ढोल्या बळकावून ती तिथल्या पोपटांना बेघर करते, म्हणून तिकडे ती नकोशी आहे. ऐकून वाईट वाटतं, पण तक्रार रास्त आहे.

घोटाळा होतो तो ‘नॉइझी मायनर’शी. हा तिथलाच, मध खाणारा पक्षी. चोच पिवळी, डोळ्यामागे पिवळा ठिपका, पण अंग राखाडी. साळुंकीचं अंग तपकिरी, डोकं काळं. तरी शंका राहिली तर उडायची वाट पाहा: पंखात पांढरा पट्टा चमकला की साळुंकी.

झाडांतही ओळखीचे निघतात. आपल्याकडचे नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक मूळचे तिथलेच. नीलगिरीच्या काही जातींच्या सालीच्या लांब पट्ट्या खोडावर लोंबतात. तो रोग नव्हे, जुनी साल गळते आहे.

तुळशीचं बी, कढीलिंबाची फांदी मात्र बॅगेत नको. चुकून राहिलंच तर आगमनाच्या फॉर्मवर लिहा. लपवलं तर दंड होतो. बुटांच्या तळाची मातीही निघण्याआधी ब्रशने काढा, तीही तपासतात.